मिरचीचा तिखटपणा: शेतकऱ्यांच्या शंका आणि उत्तरे

भिवापूर, कुही आणि उमरेड तालुक्यांतील मिरची उत्पादकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न एकाच पदार्थाशी, म्हणजे मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सायसिनशी निगडित असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न असा आहे की, घरचेच बियाणे असूनही यंदाची मिरची सपक निघाली. शेजाऱ्याने धुऱ्याला लागून ढोबळी मिरची लावली होती, त्याचा हा परिणाम आहे काय? चालू हंगामातील फळावर असा परिणाम होत नाही. मिरची उभी चिरून पाहिल्यास बिया ज्या पांढऱ्या मऊ गाभ्याला चिकटलेल्या दिसतात, त्या गाभ्यातच कॅप्सायसिन तयार होते. बियांत ते तयार होत नाही, गाभ्याला टेकून असल्यामुळे त्यांना केवळ लागते. त्यामुळे बिया झटकल्या आणि गाभा तसाच राहिला, तर भाजी तिखटच होते. हा गाभा मूळ झाडाचा भाग असल्याने परागकण कोणत्याही वावरातून आले तरी त्या फळाचा तिखटपणा तोच राहतो. फरक पडतो तो त्या फळाचे बी पुढे पेरल्यावर. तिखटपणाचा गुण प्रभावी असल्यामुळे संकरातून आलेली पहिली पिढी साधारणपणे तिखटच असते, पण तिचा तिखटपणा कमी-जास्त होतो आणि त्यापुढील पिढीत काही झाडे पार सपक निघतात. म्हणून शेजारची ढोबळी यंदाची आहे की दोन-तीन वर्षांपासूनची, हे आधी आठवून पाहावे आणि बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या जातीपासून 400 मीटर दूर ठेवावा. बियाणे शुद्ध असतानाही हवामान आणि पाण्यानुसार तिखटपणा बदलतो. पाण्याचा ताण बसल्यास तो बऱ्याच जातींत वाढतो. मात्र तिखटपणासाठी मुद्दाम पाणी तोडू नये, कारण फुलगळ होऊन त्यापेक्षा जास्त नुकसान होते.

याच पत्रात व्यापाऱ्याने रंग पाहून माल ‘कमी तिखट’ ठरवल्याची तक्रार आहे. लाल रंग कॅप्सॅन्थिनसारख्या निराळ्या रंगद्रव्यांचा असतो. कर्नाटकातील ब्याडगी मिरची गडद लाल असूनही सौम्यच असते, त्यामुळे रंगावरून तिखटपणा ठरवणे चुकीचे आहे.

सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागी, काम करणाऱ्या महिलांनी विचारले आहे की, साबणाने दोनदा हात धुऊनही रात्रभर आग का होते? कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे कामावरून उठल्यावर आधी कोरड्या हातांना जवसाचे किंवा कोणतेही खाण्याचे तेल बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांपर्यंत चोळावे, ते जुन्या फडक्याने पुसून काढावे आणि मग साबण लावून थंड पाण्याने धुवावे. गरम पाणी वापरू नये. आपल्या नसांमध्ये साधारण 43 अंशांपुढची उष्णता ओळखणारी एक यंत्रणा असते आणि कॅप्सायसिन नेमकी तीच चालू करते. हात प्रत्यक्षात भाजलेला नसतो, तरी मेंदूला तो भाजल्याचाच निरोप जातो. ही यंत्रणा डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधली आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. डोळ्यात तिखट गेल्यास मात्र तेल न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. हातमोजे घालून खुडण्याचा वेग कमी होतो, ही महिलांची अडचण खरी आहे. तरीही निदान बोटांना आधीच तेल लावून बसावे.

ज्वारीच्या कणसांवर तिखटाचे पाणी मारल्यास पाखरे जातील काय, असे एका शेतकऱ्याने विचारले आहे. जाणार नाहीत. पक्ष्यांमधील हीच यंत्रणा कॅप्सायसिनला दाद देत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आवडीने खातो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. उंदरांना आणि इतर सस्तन प्राण्यांना मात्र ते झोंबते.

कपाशीवर मिरची-लसणाचा अर्क मारूनही बोंडअळी गेली नाही, ही तक्रार अपेक्षितच होती. असा अर्क मावा-तुडतुड्यांसारख्या उघड्यावरील किडींना काही काळ दूर ठेवतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तो पोहोचतच नाही. त्यातही मिरची नुसत्या पाण्यात भिजवल्यास तिखट बरेचसे चोथ्यातच राहते. गाळलेल्या अर्कात थोडे साबणाचे पाणी मिसळावे, आधी चार-पाच झाडांवर मारून एक दिवस थांबावे आणि पाने करपली नाहीत तरच पुढे फवारावे. अर्क घरात उकळू नये. घरगुती आहे म्हणून तोंड उघडे ठेवून किंवा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.

गुडघेदुखीवर वाटलेली मिरची बांधावी काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. औषधी मलमांत कॅप्सायसिनचे प्रमाण साधारण 0.025 ते 0.075 टक्के इतके मोजून ठेवलेले असते. वाटलेल्या मिरचीत ते किती आहे हे कळत नाही आणि कातडीवर फोड येऊ शकतात. मलम हवे असल्यास ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.