डिपॉझिटमधून कापलेले २४ हजार चौघींत सारखे वाटायचे का?

प्रश्न: घणसोलीतल्या टू बीएचकेमध्ये आम्ही चौघी भाड्याने राहत होतो. लिव्ह अँड लायसन्स करार २४ महिन्यांचा होता, मी त्यातले शेवटचे पाच महिने राहिले. माझ्याआधीची मुलगी लग्न ठरल्यावर गेली. तिच्या वाट्याचे डिपॉझिटचे २५,००० रुपये मी तिला थेट यूपीआयने दिले. करारावर चौथं नाव मात्र अजून तिचंच आहे. आता घर सोडताना मालकांनी एक लाखाच्या डिपॉझिटमधून २४,००० कापले: रंगकाम १४,०००, साफसफाई ६,०००, एका बेडरूमचं दार ४,०००. बाकीच्या तिघी म्हणतात, प्रत्येकी ६,०००. त्यांनी घर आवरलं त्या रविवारी मी साताऱ्याला घरी होते, म्हणून मी थोडे जास्तच द्यावेत असं एकीचं म्हणणं आहे. मी नक्की किती देणं लागते?

उत्तर: सहा हजार तर नक्कीच नाही. पण चौघींत वाटणी करण्याआधी मालकांनी कापलेली रक्कम तरी बरोबर आहे का, हे बघा. मालक आणि तुम्ही, हा एक हिशेब. तुम्ही चौघी आपापसांत, हा दुसरा. तुमच्या ग्रुपवर हे दोन्ही एकत्र झालेत, आणि तुम्ही एकमेकींशी भांडताय तोवर मालकांना कुणी काही विचारतच नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. हॉलच्या भिंतीवरचा डाग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खाली ओघळलाय, रंगाला फुगे आलेत आणि कडेला काळी बुरशी आहे. ही पावसाळ्यात बाहेरून झिरपलेली ओल आहे. हात लागून किंवा फोडणीच्या धुराने भिंत अशी होत नाही. गळती ही मालक आणि सोसायटीने बघायची गोष्ट, तिचा रंग तुमच्या डिपॉझिटमधून निघू शकत नाही. तुमच्या करारातलं कलमही वाचलं. नुकसान झाल्यास दुरुस्ती परवानाधारकाने, म्हणजे भाड्याने राहणाऱ्याने करायची, पण ‘नैसर्गिक झीज वगळून’, असं त्यात स्पष्ट आहे. दोन वर्षांत रंग फिका पडणं ही झीजच. रंगकामासाठी ठरावीक रक्कम कापायची अट काही करारांत असते, तुमच्या करारात ती नाही. आणि असती तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. तेव्हा १४,००० साठी मालकांकडे बिल मागा आणि ती रक्कम परत मागा. मागणी मात्र करारावर नाव असलेल्यांच्या सहीने जायला हवी. तुम्ही एकट्याने पत्र पाठवलंत तर ‘तुमचा आमचा करार नाही’ एवढं उत्तर मालकांना पुरेल.

दाराचं लवकर सांगते. कडी ज्या दोघींच्या खोलीत उखडली, त्यांनी ४,००० भरायचे. तुमच्या चॅटमध्ये त्यांनी ते मान्यही केलंय.

राहिले साफसफाईचे सहा हजार, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. करार कायद्याच्याच कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून एखादी जबाबदारी घेतली, तर समोरचा माणूस त्यांच्यातल्या कुणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याला इतरांकडून त्यांचा वाटा मागता येतो, आणि वेगळं ठरलं नसेल तर हा वाटा समान. करारावरच्या चौघींना हे लागू होतं. तुमचं नाव त्यात नाही, म्हणून मालक तुमच्याकडे बोट दाखवू शकत नाहीत. पण मैत्रिणी दाखवू शकतात. त्यांच्याशी तुमचा व्यवहार तोंडी झाला असला तरी तो करारच आहे. पाच महिने तुम्ही तिथे राहिलात, स्वयंपाक केलात, आधीच्या मुलीच्या जागी डिपॉझिट भरलंत. त्यामुळे ‘माझं नाव नाही, माझा संबंध नाही’ हा पवित्रा घेऊ नका. कायद्यात तो टिकणं कठीण आहे आणि मलाही तो योग्य वाटत नाही.

म्हणून माझा हिशेब असा. सहा हजारांचे चार वाटे, एकेक १,५००. चौथा वाटा तुमचा आणि गेलेल्या मुलीचा मिळून. ती १९ महिने राहिली, तुम्ही पाच. चिमणीच्या जाळीवरचा तो चिकट पिवळा थर काही पाच महिन्यांत साठत नाही. महिन्यांच्या प्रमाणात तिचे १,१८७ रुपये ५० पैसे, तुमचे ३१२ रुपये ५० पैसे. तिने पूर्ण २५,००० घेऊन घर सोडलं, तेव्हा साफसफाईचा विषयच निघाला नाही. करारावर नाव तिचं आहे, त्यामुळे तिच्याकडे मागणं रास्त आहे. ती टाळाटाळ करत असेल तर तूर्त १,५०० तुम्ही सोसा आणि तिच्याकडून स्वतंत्र मागा. या कपातीपोटी याच्या वर एक रुपयाही नको.

साताऱ्याच्या रविवारबद्दल थोडं मैत्रिणींच्या बाजूने बोलते. तिघींनी सोडा घातलेल्या गरम पाण्यात जाळ्या भिजवल्या, बाथरूमच्या टाइल्स घासल्या, यात त्यांचा अख्खा दिवस गेला. न येण्याचा दंड असा काही कायद्यात नाही. पण त्या कामाला बाई लावली असती तर जे पैसे पडले असते, त्यातला आपला चौथा हिस्सा तुम्ही आपणहून देऊ करा. त्या दिवशी कुणी आणि काय साफ केलं याचा उल्लेख मालकांच्या पत्रातही येऊ द्या, कारण घासूनपुसून दिलेल्या घराच्या सफाईचे पुन्हा सहा हजार का, हा प्रश्नही विचारायलाच हवा.

तुमच्या २५,००० चा पुरावा जपा. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि ‘डिपॉझिटचे पाठवले’ हा मेसेज असलेलं चॅट फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र लागतं, नुसता स्क्रीनशॉट पुढे करून भागत नाही. मालक उरलेले पैसे करारावरच्या मुलींनाच देतील. तुमचे त्यांच्याकडून घ्यायचे आहेत, म्हणून आकडा आजच ग्रुपवर लिहून सगळ्यांचा होकार घ्या.

मालकांनी पत्राला दाद दिली नाही तर लगेच दाव्याचा विचार नको. घणसोली ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील होत नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. मालकांनी रंगारी सोमवारी बोलावलाय असं तुम्ही लिहिलंय. तो भिंत खरवडून पुट्टी लावेल आणि ओलीचा डाग, तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, नाहीसा होईल. त्याआधी करारावरच्या एकीला चावी मागायला सांगा, दिवसाउजेडी खिडकीपासून जमिनीपर्यंतचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी तो मालकांना पाठवून द्या.