लेक्सिंग्टनला ठासणीच्या बंदुका बघायला जाताय? मग हे वाचा

अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनचं लाँगरायफलचं (लांब नळीच्या, तोंडाकडून दारू-गोळी ठासायच्या बंदुकांचं) प्रदर्शन पहिल्यांदा बघणार असाल, तर आधी सगळ्या टेबलांवरून नुसती एक फेरी मारा. हात नको. विचारल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. उचललीत तर लाकडाला धरून. बोटांच्या घामाने चकचकीत लोखंडावर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठसे उठतात. घोडा ओढून चाप दाबणं तर मुळीच नको. गारगोटीने ठिणगी पाडणारी असेल तर गारगोटीची धार उडते, कॅपवाली (आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) असेल तर ती टोपी बसते ते निपल चेपतं.

खरी कारागिरी लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, कडेला दिसते. लोखंड आणि मेपलचं लाकूड यांच्या फटीत कागदही शिरता कामा नये. कुठे काळसर भराव दिसला तर समजा, खोदकाम चुकलंय आणि वरून लपवलंय. मग गारगोटीवाल्या बंदुकीचा कान बघा, म्हणजे नळीत आग शिरायचं बारीक छिद्र. तो रंजकाच्या (बार पेटवायच्या बारीक दारूच्या) वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीला हवा. खाली गेला तर रंजकाखाली बुजतो, मग वातीसारखं जळत आत पोचेपर्यंत बार उशिरा उडतो. नक्षी बघायची ती यानंतर. (नवखे नेमकं उलटं करतात.)

.५० कॅलिबरला (अर्धा इंच व्यासाच्या नळीला) साधारण .४९० इंचाची गोळी आणि तिच्याभोवती .०१५ इंच जाडीचं कापडी पॅच लागतं, पण मेळ नळीनुसार बदलतो, तेव्हा बनवणाऱ्यालाच विचारा.

भारतात परतणार असाल तर बंदुकीचा मोह सोडा. इथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. चामड्याची शिकारी पिशवी घ्या, शिलाई मात्र आतून उलटून तपासा.