शाळेत गोळी घेतली, तरी जंत कसे?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. फेब्रुवारीत शाळेत सगळ्या पोरांसोबत त्यानंही जंताची गोळी खाल्ली. परवा त्याच्या संडासातून वीतभर लांब, पांढुरका जंत पडला. त्याला माती खायची खोड आहे. सासूबाई म्हणतात, गोड बंद कर. शाळेतल्या गोळीत दम नसतो का?
– एक आई, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दम असतो, ताई. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. दुकानातही हीच मिळते. पण ती पोटात असलेल्या जंतांपुरतीच. पुढे नवी अंडी पोटात गेली, तर ती काय करणार? म्हणून तर १० फेब्रुवारीनंतर १० ऑगस्टला पुन्हा देतात.

तुम्ही सांगता तो गोल जंत दिसतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांत तिथं तयार होतात आणि ओल्या मातीत महिनोन्महिने टिकतात. घरच्या संडासात पऱ्हाट्या रचलेल्या अन् माणसं धुऱ्यावर, हे मी कितीदा पाहिलंय! त्याच मातीचे हात तोंडात जातात, तिथलाच न धुतलेला सांबार (कोथिंबीर) भाजीवर पडतो. गुळाचा यात काडीचा दोष नाही. सासूबाईंना माझं नाव सांगा.

मला धास्ती आहे ती न दिसणाऱ्या अंकुशकृमीची. त्याची अळी अनवाणी तळव्यातून शिरते. जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. पोरगं चार पावलं धावून बसतं, वर्गात पेंगतं, अन् आपण त्याला आळशी म्हणतो. माती खाणं हीसुद्धा पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते, आणि त्या मातीतून जंत पुन्हा पोटात.

आता ऑगस्टची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, फेब्रुवारीत गोळी घेतल्याचं सांगा. गोळी चावून खायला लावा. नंतर थोडं मळमळलं, पोट दुखलं तर घाबरू नका. मात्र पोट फुगून उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखाना गाठा. वावरात जाताना पायात चप्पल हवीच.

आणि उजेडात त्याची खालची पापणी ओढून पाहा. आतून लाल नसून फिकी दिसली, तर हिमोग्लोबिनसोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी मागा. आपल्या भागात तो आजार आहे. सगळं खापर जंतावर फोडून चालत नाही.