माती परीक्षणात उपलब्ध नत्र (नायट्रोजन) 210 आलंय, मग मक्याला युरिया टाकायचा की नाही?

तुमचा प्रश्न असा: सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडची काळी जमीन, सामू (पीएच) 8.3, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी 210 किलो. बागायती मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची. जमिनीत आधीच 210 आहे, तर युरियावर खर्च कशाला?

210 मधून 120 वजा करू नका. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. प्रयोगशाळेत मातीवर परमँगनेट या रसायनाची प्रक्रिया करून सेंद्रिय पदार्थातून किती नत्र सुटतं ते मोजतात. तेवढं सगळं एका हंगामात पिकाच्या मुळाला मिळत नाही. हा आकडा जमिनीची प्रतवारी ठरवायला असतो: 280 च्या खाली कमी, 280 ते 560 मध्यम, त्यावर भरपूर. कमी असेल तर शिफारशीत 25 टक्के वाढ, मध्यमला शिफारशीइतकंच, भरपूर असेल तर 25 टक्के कपात. तुमची जमीन कमी गटात बसते.

आता हिशेब एकरी करा. अहवाल हेक्टरचा असतो हे विसरलं की मात्रा अडीचपट होते. 120 किलो हेक्टरी म्हणजे एकरी 48, त्यात 25 टक्के वाढवून 60 किलो नत्र. पेरताना 50 किलो डीएपीची (नत्र आणि स्फुरद असलेल्या खताची) एक गोणी दिली की त्यातून 9 किलो नत्र येतं. उरलेल्या 51 किलोसाठी साधारण 111 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या अडीच गोण्या. अर्धी गोणी पेरताना, एक 30 दिवसांनी, एक 45 दिवसांच्या आसपास. बियाण्याला खत चिकटू देऊ नका, उगवण मार खाते.

सोलापूरच्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत युरिया वर फेकून उघडा ठेवला तर अमोनिया होऊन हवेत जातो. ओळीच्या बाजूला टाकून कोळप्याने मातीआड करा आणि लगेच हलकं पाणी द्या. माझ्या मते मात्रेच्या काटेकोर हिशेबाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

कोरडवाहू रब्बी ज्वारीचं मात्र वेगळं. तिथे वरखताला, म्हणजे उभ्या पिकात दिलेल्या खताला, ओल मिळत नाही, म्हणून सगळं नत्र पेरणीलाच, दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं पेरणाऱ्या अवजाराने.

मातीचा नमुना कसा काढला याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, जनावरं बांधायची जागा सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा 20 सेंमी खड्डा घ्या, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढा. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरली असेल किंवा खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील, तर हा 210 आकडाही धरू नका. नमुना पुन्हा काढा.