फरक ५४०चा

निकालानंतरच्या पंधरवड्यात माझ्या खोलीत एक वाक्य हटकून ऐकू येतं. "मॅडम, सगळं येतं हो, फक्त टॅली होत नाही." म्हणजे हिशेबाच्या दोन बाजूंच्या बेरजा जुळत नाहीत. विद्यापीठात फायनान्शियल अकाउंटिंगचा पहिला पेपर देऊन आलेली मुलं हे ज्या पडेल आवाजात सांगतात, तो आवाज मला आता पाठ झालाय. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं. "हा विषय माझ्यासाठी नाहीच बहुतेक." पहिलं वाक्य हिशेबाबद्दल आहे आणि दुसरं स्वतःबद्दल. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी कशी पडते, ते बघणं हे समुपदेशक म्हणून माझं काम.

पुढची गोष्ट एका मुलीची म्हणून सांगते आहे, पण तिच्यात आणखी दोघातिघांचे तपशील मिसळले आहेत. नाव नाहीच देत.

पहिल्या दिवशी ती आली ती वही छातीशी धरून. मी वही मागितली. पानं जागोजागी पातळ झाली होती, काही ठिकाणी तर आरपार. इतकं खोडलेलं होतं. एका पानावर एकच नोंद चार वेळा पुसून लिहिलेली, आणि शेवटी लिहिलेली अगदी पहिल्यासारखीच.

"वर्गातल्या निम्म्या मुलांनी शाळेतच हा विषय केलाय," ती म्हणाली. "सर 'हे तर तुम्हाला माहीतच आहे' म्हणून पुढे जातात. मला माहीत नसतं. मी मान डोलावते."

"काय माहीत नसतं?"

बराच वेळ गेला. मग खाली बघत म्हणाली, "बँकेचा मेसेज येतो, 'तुमचं खातं क्रेडिट झालं.' म्हणजे पैसे आले. मग पुस्तकात पैसे आले की बँक खातं डेबिट का करायचं? हे विचारलं तर सगळे हसतील."

मला हिशेबातलं फारसं कळत नाही. शाळेत गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचे. पण इतक्या वर्षांत या मुलांकडूनच मी थोडं शिकले आहे, तेव्हा एवढंच विचारलं, "मेसेज कुणाच्या वहीतला आहे?"

"बँकेच्या." आणि मग लगेच, "अं... बँकेच्या दृष्टीने मी ठेवलेले पैसे म्हणजे तिचं देणं. देणं वाढलं, म्हणून क्रेडिट. माझ्या वहीत तीच बँक माझं येणं आहे, म्हणून डेबिट." ती थांबली. "एवढंच?"

एवढंच. पण हे 'एवढंच' तिने दोन महिने पोटात दाबून ठेवलं होतं. रोजच्या बोलण्यात डेबिट म्हणजे गेलं आणि क्रेडिट म्हणजे आलं, किंवा डेबिट वाईट आणि क्रेडिट चांगलं, असं आपण धरून चालतो. हिशेबात त्या नुसत्या दोन बाजू आहेत, डावी आणि उजवी. मराठीत आपण 'नावे' आणि 'जमा' म्हणतो, तिथेही 'जमा' शब्द फसवतोच. ज्या मुलांना हे नियम पाठ असतात, त्यांतल्या कित्येकांना कारण विचारलं तर सांगता येत नाही. ती फक्त घाबरत नाहीत.

घसाऱ्याचंही तेच झालं. "घसाऱ्याचे पैसे जातात कुठे?" हा तिचा दुसरा 'वेडगळ' प्रश्न. माझ्या मते पहिल्या वर्षाला विचारता येईल असा हा सर्वांत शहाणा प्रश्न आहे. मी तो तिला सरांनाच विचारायला लावला. तास संपल्यावर, एकटीने, पण विचारायचाच. उत्तर घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. पैसे कुठेच जात नाहीत. ते यंत्र घेतलं त्या दिवशीच गेले. घसारा म्हणजे त्या खर्चाची वापराच्या वर्षांमध्ये केलेली वाटणी. म्हणून तर रोख प्रवाहाचं पत्रक नफ्यापासून सुरू करताना घसारा परत मिळवावा लागतो. "सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला जरा लाजही वाटली.

इथपर्यंत अभ्यासाची गाडी रुळावर येत होती. पण खरी गाठ सुटलेली नव्हती. मला ती पहिल्या दिवशीच दिसली होती, त्या आरपार गेलेल्या पानांत.

समुपदेशनातही गाण्यासारखी घराणी असतात. माझं घराणं विचारांचं. १९५०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलं की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीची आपली हटवादी मागणी आपल्याला जास्त छळते. मी ते मानते, आणि मराठीत ती मागणी पकडणं फार सोपं आहे असा माझा अनुभव आहे. वाक्यातला 'च' शोधायचा. 'टॅली झाली तर बरं' हे वाक्य निरोगी. 'टॅली व्हायलाच हवी' म्हटलं की पोटात गोळा आलाच. सहकारी मला 'च'वाल्या बाई म्हणतात. म्हणू देत.

चौथ्या भेटीला मी तिला नापास झालेल्या पेपरची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका आणायला सांगितली. तीन तास, चार प्रश्न, प्रत्येकी २० गुण. पहिला प्रश्न अंतिम लेख्यांचा: व्यापार खातं, नफा-तोटा खातं, ताळेबंद. तिच्या ताळेबंदाच्या दोन बाजूंत ५४०चा फरक पडला होता.

"मग काय केलंस?"

"शोधला. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. मग पुन्हा. घड्याळ बघितलं तेव्हा पाऊण तास उरला होता. दुसरा प्रश्न कसाबसा झाला. तिसरा आणि चौथा..." तिसरा आणि चौथा कोरा होता.

"पहिल्या प्रश्नात किती मिळाले?"

तिने पान उलटलं. तो आकडा तिने याआधी नीट बघितलाच नव्हता, एकूण गुणांखालची लाल रेघ तेवढी बघितली होती. "सतरा."

"म्हणजे ५४०च्या फरकाने तुझे किती गुण गेले?"

"तीन."

"आणि तो शोधण्यात?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अशा वेळी मी बोलत नाही. नव्या समुपदेशकांना मी हेच सांगते की प्रश्न नेमका लागला असेल तर पुढचं वाक्य आपलं नसतं.

"चाळीस," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यातलेही काही."

मग मी जे विचारलं त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे, कारण ते कुठल्या पुस्तकातून आलं नव्हतं. म्हटलं, "खऱ्या कचेरीत बसलेला हिशेबनीस काय करतो गं, फरक सापडला नाही तर? काम थांबवतो?"

"नाही," ती धडा म्हणून दाखवावा तशी सांगू लागली, "ट्रायल बॅलन्स, म्हणजे तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. उचंत खातं. आणि मग पुढचं काम चालू ठेवून सवडीने चुका शोधून..." ती वाक्याच्या मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं. मग वहीकडे. मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"हे मला येत होतं," ती म्हणाली. "याची मी गणितं सोडवलीत."

ज्या विषयाने तिला 'तू चुकूच शकत नाहीस' असं धमकावलं, असं तिला वाटत होतं, त्या विषयाने चुकीसाठी स्वतंत्र खातं उघडून ठेवलं आहे. हे माझ्याही डोक्यात त्या क्षणीच नीट उतरलं. नंतर मी थोडं वाचलं. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत लिहून काढली. ती त्याने शोधली नाही, व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. त्या पहिल्या छापील मांडणीतही चुकीची नोंद उलट नोंद करून कशी दुरुस्त करायची ते सांगितलेलं आहे. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत. चूक तशीच राहू देतात आणि खाली दुरुस्तीची नोंद घालतात. मी तिला पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही ठेवून द्यायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात तिचे हात शिवशिवत होते.

गंमत म्हणजे ५४०चा फरक त्याच दिवशी सापडला. मी सहज विचारलं, "हा आकडा प्रश्नपत्रिकेत कुठे आहे का?" तिने पान उलटलं. होता. अदत्त, म्हणजे द्यायचा राहिलेला, पगार ५४०. तिने तो खर्चात मिळवला होता, पण ताळेबंदात देणं म्हणून दाखवायला विसरली होती. परीक्षेत इतका वेळ तिने बेरजा तपासल्या, आणि बेरजा बरोबरच होत्या. घाबरलेलं मन जिथे सवय आहे तिथेच शोधत राहतं.

म्हणून हल्ली या मुलांना मी एक क्रम देते. मूळ युक्त्या हिशेबनिसांच्याच, क्रम तेवढा मी लावला. फरक पडला की आधी तोच आकडा प्रश्नात शोधा. समायोजनेचे, म्हणजे अदत्त पगारासारख्या वर्षअखेरीच्या दुरुस्तीचे, दोन परिणाम असतात आणि बहुधा एक राहून गेलेला असतो. नाही सापडला तर फरकाला दोनने भागा. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, म्हणजे ८४०चा फरक असेल तर ४२० शोधायचे. तरीही नाही, तर नऊने भागून बघा. ७३०चे ३७० झाले की फरक ३६०, ५००चे ५० झाले की ४५०. अंक उलटे पडले किंवा शून्य गळलं की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. या सगळ्याला मिळून पाच मिनिटं द्यायची. घड्याळ लावून. मग फरक तसाच लिहायचा आणि पुढच्या प्रश्नाला हात घालायचा.

अभ्यासाबद्दल दोन गोष्टी वारंवार सांगाव्या लागतात. सोडवलेलं उदाहरण वाचलं की समजल्यासारखं वाटतं, पण ते दुसऱ्याला पोहताना बघण्यासारखं आहे. उत्तर झाका आणि स्वतः लिहा. दुसरी गोष्ट नोंदीखालच्या स्पष्टीकरणाची. त्याला गुण नाहीत असं धरून बहुतेक मुलं ते गाळतात. मी तिला उलटं सांगितलं: आधी स्पष्टीकरण लिही, साध्या शब्दांत, काय घडलं ते. 'उधारीवर माल घेतला.' मग नोंद. काय घडलं हेच धड सांगता येत नसेल, तर नोंद चुकणारच. आणि या विषयात एक आठवडा बुडाला तर मागे जाऊन तो भरून काढल्याशिवाय पुढचं लागत नाही. नोंदीवर खतावणी (म्हणजे नोंदी ज्या त्या खात्यात उतरवणं), खतावणीवर तेरीज, तेरजेवर अंतिम लेखे अशी ही उतरंड आहे. त्यामुळे 'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्याला मी विचारते, कुठल्या मडक्यापासून? उत्तर बहुतेक वेळा एका विशिष्ट आठवड्यापाशी जाऊन थांबतं. आजारपण, वसतिगृह बदलणं, नाहीतर असंच काहीतरी.

उचंत खात्याचा हा उतारा मी एकदा एका मुलाला अविचाराने दिला, तेही सांगायला हवं. त्याने सगळंच उचंत खात्यात टाकलं, समायोजनाही आणि राहिलेले धडेही. तो घाबरट नव्हता, तो टाळणारा होता, आणि मला ते ओळखता आलं नाही. त्याला मग सांगावं लागलं की ते खातं अंतिम लेख्यांआधी बंद व्हावं अशीच अपेक्षा असते. तुम्ही त्याच्यासारखे असाल तर वरचं सगळं सोडून आज एक गणित करायला बसा.

या मुलीशी तेरजेबद्दल आणखी एक बोलणं झालं. मी म्हटलं, "समज, जुळली. मग सगळं बरोबर?" ती म्हणाली, नाही. एखादा व्यवहार नोंदवायचाच राहिला, यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खर्चात पडली किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तर तेरीज सुरेख जुळते आणि हिशेब चुकीचाच असतो. "मग जुळणाऱ्यांकडे बघून तू इतके दिवस कशाला कुढत होतीस?" यावर तिने खांदे उडवले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळायलाच हवं असं नाही. हा 'च' माझा.

पुढच्या परीक्षेनंतर ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. दुसरा पेपर होता म्हणे.

"टॅली झाली?"

"नाही. ९०चा फरक होता. चारही प्रश्न लिहिले." मग जायला वळली आणि परत फिरली. "जिना उतरताना सापडला, मॅडम. दोनने भागलं. ४५. मिळालेली सूट मी दिलेल्या सुटीच्या बाजूला टाकली होती."