मुंबईहून गाडी आणि तंबू घेऊन किनाऱ्याने जायचंय? आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न असा की जानेवारीत पाच दिवस, स्वतःची गाडी, दोन शाळकरी मुलं आणि तंबू घेऊन मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचंय. मुक्काम कुठे करायचा, मुलांना काय करता येईल आणि खायचं काय.

गोवा या खेपेला सोडा, ही माझी अगदी मनापासूनची विनंती. पाच दिवसांत गोवा गाठायचा तर मुलं समुद्र गाडीच्या काचेतूनच बघतील. अलिबागजवळच्या मांडव्यापासून दापोलीजवळच्या हर्णैपर्यंतचा किनारा घ्या. एवढ्या पट्ट्यात किल्ले, खाड्या, जंगल, सुपारीच्या वाड्या आणि मासळीचा लिलाव, सगळं आहे.

निघायची तारीख मात्र शनिवार-रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. या किनाऱ्यावर काय कधी करता येईल ते भरती-ओहोटीच ठरवते. घरातलं कालनिर्णय काढा. कोळीवाड्यात पोरासोरांनाही येणारं गणित आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसा एकदा, रात्री एकदा. द्वितीयेला दीड, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला हे पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी.

म्हणून मी सांगेन, द्वितीयेला निघा. पक्ष कुठलाही चालेल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. ही सेवा २०२० पासून सुरू आहे, गाडी बोटीत चढते आणि तासाभरात तुम्ही पलीकडे असता. पेण-वडखळची ट्रॅफिक वाचते आणि मुलांची सहल धक्क्यावरच सुरू होते. गाडीचं तिकीट आधी काढून ठेवा.

पहिला मुक्काम नागाव किंवा रेवदंड्याच्या बाजूला, एखाद्या वाडीत. तंबू थेट पुळणीवर ठोकू नका, मालकाला विचारून वाडीत लावा. तिथे विहीर असते, संडास-बाथरूम असतं आणि रात्री हाक मारली तर कोणीतरी ओ देतं. दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. वर बघा: नारळाखाली तंबू नको. झावळ पडते, नारळ पडतो, आणि त्याला वेळकाळ नसतो. सुरूच्या झाडाखाली किंवा मोकळ्या अंगणात लावा. मग किनाऱ्याकडे बघा: वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्या यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. कालची भरती तिथपर्यंत आली होती. द्वितीया-तृतीयेला रात्रीची भरती दीड-दोनला येते, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना. तंबू त्या रेघेच्या बराच वर असायला हवा. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोर बांधून त्या पुरा.

आता पहिल्या रात्रीचं जेवण. तुम्ही थंडीत जाताय, तर अलिबागकडे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खाल्ल्याशिवाय पुढे सरकू नका. वाडीमालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर तो बेत करतो; मुलांना त्यात हाताशी घ्या. थंडीत शेताच्या बांधावर भांबुर्ड्याचा पाला उगवतो, त्याला ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला दाबून बसवायचा. वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि तोंड पाल्याने गच्च बंद. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती झावळ्या, पेंढा, पालापाचोळा रचून पेटवायचा. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र होऊन पाणी लगेच उडालं की झाली पोपटी. मग मडकं काठीने बाजूला घेऊन सगळं पानावर ओततात, आणि त्या वाफेत भांबुर्डा, ओवा आणि धूर एकत्र येतात. शेंगा बोटांनी सोलून खायच्या. शाकाहारी मंडळी असतील तर कोंबडी-अंडी वगळा, शेंगांची चव तेवढीच जमते. आग फक्त मालक दाखवेल त्या जागी, सुरूच्या बनात अजिबात नको. खालचा वाळका पाला क्षणात पेट घेतो.

तृतीयेला सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जा. पाणी घोट्याएवढं उतरल्यावर निघा आणि परतीची वेळ तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारून घ्या. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, मुलांना ती जरूर दाखवा. मग कोर्लई. तिथल्या गावात पोर्तुगीजमधून आलेली एक वेगळीच बोली आजही घराघरात बोलतात, आणि किल्ल्यावरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी दिसते. चढ मुलांना झेपेल असा आहे. मुक्काम मुरूडला. जंगलाची आवड असेल तर जवळच फणसाड अभयारण्य आहे, शेकरू दिसू शकतं.

पॅरासेलिंग, बनाना राइड नागावपासून पुढे बऱ्याच ठिकाणी आहे. लाइफ जॅकेट अंगावर घट्ट बसत नसेल तर मुलाला बसवू नका, एवढंच.

पोहण्याबद्दल मात्र कडकपणे सांगतो. काशीद-मुरूडचं पाणी दिसायला शांत असतं, पण ओहोटीला ते आत ओढतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेली पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुलं बुडाली. ओहोटी लागली की मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर नको. गाडीही पुळणीवर घालू नका. चाकं रुततात, भरती चढते आणि ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं. शिवाय याच वाळूत कासवं अंडी घालतात.

चतुर्थीला राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, मग आगरदांड्याहून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट दिघी, तिथून दिवेआगर. इथे एखाद्या घरगुती खानावळीत आधी सांगून उकडीचे मोदक करून घ्या. पंचमीला सकाळी लवकर शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनकडे निघा, समुद्र जवळजवळ सगळा वेळ उजव्या हाताला असतो. साडेनऊच्या सुमारास हरिहरेश्वरला पोचायचंय, कारण तिथली कातळावरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी बघण्यासारखी आहे. पाणी चढायला लागलं तर प्रदक्षिणा सोडून द्या, त्या कातळावरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

पुढे बागमांडल्याहून फेरीने वेश्वी आणि आंजर्ल्याला शेवटचा तंबू. वाटेत वेळास लागतं. तिथला कासव महोत्सव साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, तेव्हा जानेवारीत पिल्लं दिसतील अशी आशा मुलांना लावू नका. त्यासाठी वेगळं जा आणि तेव्हा तंबू न नेता गावातल्या घरीच राहा. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, म्हणून तिथल्या किनाऱ्यावर तंबू-टॉर्च नकोच.

शेवटच्या सकाळी हर्णै बंदर. होड्या लागल्या की वाळूतच लिलाव सुरू होतो, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. मोठी सुरमई घेण्याच्या मोहात पडू नका. बांगडा, मांदेली, कोळंबी, ओले बोंबील असं त्या दिवशी जे ताजं दिसेल ते घ्या. बोंबील, करंदी, जवळा हे मुख्यतः डोल जाळ्यात येतं आणि ते जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, म्हणून उधाणाच्या दिवसांत हा माल जास्त आणि स्वस्त मिळतो. मासळी घेऊन जवळच्या खानावळीत दिली तर करणावळ घेऊन रांधून देतात. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी मागा. जेवण उरकून दापोलीवरून खेडला उतरा आणि मुंबई-गोवा महामार्ग धरा. दापोली-खेडचा घाट उजेडात ओलांडलेला बरा, त्यामुळे दुपारी दोनच्या पुढे हर्णैत थांबू नका.