‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा अमेरिकन विनोदी कार्यक्रम मुळात सुरू कशामुळे झाला?

रात्रीच्या गप्पांच्या ‘टुनाइट शो’चा सूत्रसंचालक जॉनी कार्सनला जास्त सुट्ट्या हव्या होत्या, म्हणून! एनबीसी ही अमेरिकन वाहिनी त्याच्या या शोचे जुने भाग शनिवार-रविवारी रात्री दाखवायची. ते तिथून काढा, मी रजेवर असताना आठवड्यात मधल्या वारी लावा, असं त्याने १९७४ मध्ये चॅनलला सांगितलं. शनिवारची रात्र रिकामी पडली आणि ती भरायचं काम लॉर्न मायकल्स या तरुण कॅनेडियन निर्मात्याकडे आलं. ११ ऑक्टोबर १९७५ ला रात्री साडेअकराला न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ८एचमधून पहिला भाग थेट गेला, पाहुणा सूत्रसंचालक जॉर्ज कार्लिन. एनबीसीच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण हेच कारण देतात.

पण कार्सनमुळे फक्त जागा मिळाली. नवखे कलाकार, दर आठवड्याला नवा पाहुणा, बातमीपत्राची नक्कल करणाऱ्या विनोदी बातम्या हा ढाचा मायकल्स आणि त्याच्या लेखकांचा. नावही तेव्हा ‘एनबीसीज सॅटर्डे नाइट’ होतं, कारण ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ एबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीवर क्रीडा समालोचक हॉवर्ड कोसेलच्या कार्यक्रमाने आधीच घेतलेलं. त्याचा कार्यक्रम जानेवारी १९७६ मध्येच गुंडाळला गेला; एनबीसीने ते नाव १९७७ मध्ये उचललं.